दादासाठी भरलेली शाळा

आमच्या घरी शाळा अकरा वाजता भरायची, कारण दादाच्या सकाळच्या गोळीची गुंगी उतरायला तेवढा वेळ लागायचा. तोवर तो बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर भिंतीला टेकून बसलेला असे. डोळे उघडे, पण बघत कशाकडेच नाही. आई स्वयंपाकघरातून त्याला काहीबाही विचारत राही. "निखिल, आज वार कुठला?" "निखिल, पोह्यांत मीठ कमी आहे का रे?" तिला उत्तर नको असे, उत्तर यायला किती वेळ लागतो ते हवं असे. उत्तर चटकन आलं की ती पदराला हात पुसत बाहेर येई आणि म्हणे, "चला, बसा." मग आम्ही दोघं टेबलाशी बसायचो. त्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जुन्या गोधडीच्या पट्ट्या दोरीने घट्ट बांधलेल्या होत्या, आणि लिहिताना माझं कोपर नेहमी त्या गाठींवर यायचं.

विकास नगरात दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. बाबा वनस्पतिशास्त्रज्ञ. संशोधन संस्थेतल्या नोकरीपायी वाईहून निघाले ते लखनौला येऊन थांबले. आई भौतिकशास्त्रातली एम.एस्सी., लग्नाआधी साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायची. घरात आईबाबांचं मराठी, दादाला ते सगळं कळायचं, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा. मी समोर कोण आहे ते बघून बोलायची. दादाला फिट येत. आई 'आकडी' म्हणे, खालच्या घरमालकीण मिश्रा आंटी आवाज खाली आणून 'दौरा' म्हणत, आणि शाळेतल्या मुलांनी 'मिर्गी' हा शब्द धरला होता. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तो पडला तेव्हा कोणा शिक्षकाने त्याच्या नाकाशी बूट धरायला लावला होता. शुद्धीवर आला तो तोंडावर दुसऱ्याचा बूट आणि ओली पँट अशा अवस्थेत, अख्ख्या शाळेसमोर. बाबा त्याला आणायला गेले तेव्हा मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "देखिए डॉक्टर साहब, बाकी पेरेंट्स शिकायत कर रहे हैं. आप तो समझदार आदमी हैं." समजूतदार माणूस मुलाचा हात धरून घरी आला आणि आईला म्हणाला, "आता याला कुठेही पाठवायचं नाही. आपण शिकवू."

मला मात्र कुठल्याच शाळेने काढलं नव्हतं. तिसरीचं वर्ष संपलं, निकाल लागला, आणि एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं तरी माझं दप्तर कपाटावरून खाली आलंच नाही. एवढंच. दादा एकटा पडतो, आई बाजारात गेली की त्याच्याजवळ कोणीतरी हवं, आणि शाळा म्हणजे काय असते ते आपण पाहिलंच आहे, असं बाबा जेवताना आईला सांगत होते. मीही तिथेच जेवायला बसले होते. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. त्या वयात मला वाटलं, सुट्टी वाढली.

बाबांना घरातली शाळा खऱ्या शाळेहून चांगली करून दाखवायची होती. त्यात राग होता हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक वाराला एक विषय. सोमवारी गणित, तेही बाबांकडे, म्हणून त्या दिवशीची शाळा ते ऑफिसातून आल्यावर भरे. कपाटाच्या पाठीला त्यांनी काळा रंग देऊन फळा केला होता. मंगळवारी आई आम्हाला मराठी वाचायला लावी. दादाला 'ळ' येत नसे. 'बाळ'चं 'बाल' व्हायचं, 'केळी'ची 'केली'. आई म्हणे, "जीभ मागे वळव." तो जीभ बाहेर काढून दाखवी, "ये वाली?" आणि मी हसता हसता पुस्तकावर पडायची. बुधवारी बाबा आम्हाला संस्थेच्या बागेत नेत. ऑटोत दादा कायम मधे, एका बाजूला आई, एका बाजूला मी. बागेत बाबा वेगळेच होत. एरवी एक वाक्य बोलायला त्यांना अर्धा दिवस लागे, तिथे पान चुरगळून आमच्या नाकाशी धरत, "डोळे मीट, सांग कुठलं," म्हणत. दादाला काल काय शिकलो ते आठवायचं नाही, औषधाने मधले शब्द गळून पडायचे, पण झाडांची लॅटिन नावं त्याच्या डोक्यात बसली की बसली. बाबांचे विद्यार्थी चुकत तिथे तो चुकत नसे. त्या दिवशी घरी येताना बाबा ऑटोवाल्याशीसुद्धा गप्पा मारत.

गुरुवारी दुपारी मागच्या गल्लीतून नफीसा आपा उर्दू शिकवायला येत. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, पांढऱ्या, चिकन भरतकामाच्या कुर्त्यात, आणि आम्हा दोघांना 'आप' म्हणत. मला कोणी 'आप' म्हणणारं जगात दुसरं नव्हतं. दादाला त्या 'निखिल मियाँ' म्हणत. 'ख़' त्याच्या गळ्यातून असा निघे की आपा डोळे मिटून मान डोलावत. एकदा धडा चालू असतानाच त्याला फिट आली. आम्ही त्याला कुशीवर वळवलं, आई त्याच्या पाठीशी बसली. आपा खुर्चीवरून उठल्या नाहीत. तो झोपला, उठला, त्याने तोंड धुतलं, बाहेर अंधार पडायला आला होता, तरी त्या बसून होत्या. "हाँ मियाँ, तो हम यहाँ थे," म्हणून त्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

शुक्रवारी स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी, दुधाचं उतू जाणं, पुरीचं फुगणं, यांतून आई आम्हाला वाफ आणि दाब शिकवी. दादाला गॅसजवळ यायची मनाई होती. तो दारातल्या स्टुलावर बसून मटार सोलायचा. हिवाळ्यात ताजे मटार वाटून आई निमोना करी. तो तिला मिश्रा आंटींनी शिकवला होता, पण आई त्यात गोडा मसाला घाले, आणि वाटी खाली पाठवली की आंटी ती परत करताना म्हणत, "अच्छा बना है, पर ये निमोना नहीं है." शनिवारी हजरतगंज. वाचनालयातून पुस्तकं बदलायची, दुकानांच्या खिडक्या बघत एक फेरी मारायची, थंडीत द्रोणातली मक्खन मलाई खायची. रविवारी सुट्टी असे आणि मला रविवार आवडत नसे. रविवारी खालच्या रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळत, आणि दादा गॅलरीत उभा राहून कोणाची विकेट गेली ते मला सांगे, मी त्याच्या शेजारी असूनसुद्धा.

हे सगळं वाचायला छान वाटतं. लोकांना मी सांगते तेव्हा ते म्हणतातही, किती वेगळं बालपण. माझ्या ओळखीतलीच दोन कुटुंबं आता आपली मुलं हौसेने घरी शिकवतात. ती मला आमच्या आठवड्याबद्दल विचारतात तेव्हा मी बाग सांगते, उर्दू सांगते. न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती, गच्चीच्या कुलपाची किल्ली आईच्या बांगडीतल्या पिनेला अडकवलेली असे, आणि मी कायम एका कानाने ऐकत असायची, हे सांगत नाही. मी दादाच्या खोलीत झोपायची. फिट येण्याआधी त्याच्या घशातून एक आवाज येई, जड कपाट सरकवल्यासारखा. तो आला की उठायचं, आईला हाक मारायची आणि त्याला कुशीवर वळवायचं. हे माझं काम होतं. ते कधी ठरलं, आठवत नाही.

मग तो शनिवार, माझी शाळा सुटून चार वर्षं झाली होती तेव्हाचा. वाचनालयातून आम्ही बाहेर पडलो होतो आणि आई पलीकडच्या दुकानात लोकर बघायला गेली होती. आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. दादा मधेच बोलायचा थांबला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला धरलं, पण तो तोवर माझ्यापेक्षा हातभर उंच झाला होता, मला घेऊनच खाली आला. मी पिशवीतली पुस्तकं ओतून रिकामी पिशवी त्याच्या डोक्याखाली सरकवली, त्याला कुशीवर केलं. गर्दी जमायला वेळ लागत नाही. कोणी म्हणालं पाणी मारा, कोणी म्हणालं दातांत चमचा द्या. एकाने खरंच चप्पल काढली. मी त्याला म्हणाले, "हटिए. कुछ नहीं करना है. हवा आने दीजिए." आवाज माझाच होता, पण एखाद्या बाईसारखा. माणसं मागे सरली. त्या मोकळ्या झालेल्या जागेत शाळेच्या गणवेशातल्या चार-पाच मुली उभ्या होत्या, निळे स्वेटर, लाल रिबिनी. त्यांतली एक माझ्या वर्गातली होती, तिसरीपर्यंतची. तिने मला ओळखलं. तिच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती आणि ती खायची थांबली होती.

दादा हळूहळू जागा झाला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याच्या तोंडावरचा फेस ओढणीने पुसत होते. पुसत होते, पण बघत त्या मुलींकडे होते. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग मी जिकडे बघत होते तिकडे. आई धावत आली तोवर मुली गेल्या होत्या. घरी येताना ऑटोत तो एक शब्द बोलला नाही. फिटनंतर तो बोलत नसेच, म्हणून आम्हाला काही वाटलं नाही.

सोमवारी संध्याकाळी बाबा खडू घेऊन फळ्याशी उभे राहिले आणि दादा दिवाणावरून उठला नाही.

"काय रे, बरं नाही का?" बाबांनी विचारलं.

"पहले इसको स्कूल भेजिए."

बाबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "तिला इथे काय कमी आहे? तिच्या वयाच्या मुलींना येतं का एवढं?"

"बीमार मैं हूँ, बाबा," दादा म्हणाला. "ये तो नहीं है."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाबा बराच वेळ समजावत राहिले. शाळेबद्दल बोलले, त्या बुटाबद्दल बोलले, आणि तो बूट आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी मोठ्याने उच्चारला. दादाने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "जब तक नहीं भेजेंगे, मैं गोली नहीं खाऊँगा." आणि खरंच त्याने त्या संध्याकाळची गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचीही नाही. आईने हात जोडले, बाबांनी हात उगारला आणि तसाच हवेत धरून ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. गोळ्या चुकल्या की काय होतं ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. शेवटी दुपारी आई त्याच्या शेजारी बसली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "एप्रिलमध्ये अनूचं नाव घालते. मी घालते. आता घे."

त्याने गोळी तळहातावर घेतली आणि म्हणाला, "और एक बात. ये मेरे कमरे में नहीं सोएगी."

मला ते लागलं. शाळेचं मला सुचलंसुद्धा नव्हतं, आणि आता ही खोलीही गेली. मी उशी उचलून बाहेर आले ती त्याच्याशी दोन दिवस बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी तो गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "मी काय करते तुला? नुसती झोपते तर."

"तू सोती कहाँ है," तो म्हणाला. "तू तो सुनती रहती है. मुझे पता चलता है, यार. मैं करवट लेता हूँ तो तू उठ के बैठ जाती है." मग म्हणाला, "तू सुनती है तो मैं भी नहीं सोता."

एप्रिलमध्ये मी शाळेत गेले. सुरुवातीला बाईंनी प्रश्न विचारला की मी बसूनच उत्तर द्यायची आणि मुली हसायच्या. गणितात मी पुढे होते, बाकी बऱ्याच गोष्टींत अडाणी. डबा अदलाबदल करायचा असतो, हेही मला शिकावं लागलं. दुपारी घरी यायची तेव्हा आई आणि दादा टेबलाशी बसलेले असत. आठवडा तोच होता, वार तेच, विद्यार्थी एक. त्याने खासगीरीत्या दहावीला बसायचं ठरवलं होतं. माझ्याशिवाय ते दोघं काय काय शिकले ते ऐकताना मला मत्सर वाटे, आणि माझ्या शाळेतल्या गमती ऐकताना त्याचं तोंड कसं होई ते मी बघायची. तरी तो विचारी. "फिर? फिर मैडम ने क्या कहा?" जेवण झालं की तो खोलीत जाई आणि दार लोटून घेई. आतून रेडिओ लागे. आई बाहेर माझ्याशेजारी अंथरुणावर पडून दाराखालच्या उजेडाच्या रेघेकडे बघत राही. तो दिवा बंद झाला की ती कूस बदले. त्याने लोटलेलं ते दार तिने रात्री कधी उघडलं नाही. मी आज दोन मुलांची आई आहे, आणि ते तिला कसं जमलं असेल, मला कळत नाही.

दादा पुढच्या जानेवारीत गेला. धुक्याचे दिवस होते, थंडीमुळे शाळा बंद ठेवल्या होत्या, म्हणून मी घरीच होते. शुक्रवार होता. आईने मटार टेबलावर आणून ठेवले होते आणि गोळीची वेळ झाली म्हणून तिने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आत गेली. मला तिची हाक ऐकू आली नाही, कारण तिने मारली नाही. बराच वेळ ती बाहेर आली नाही म्हणून मी गेले. दादा पालथा होता, तोंड उशीत. आई त्याला कुशीवर वळवत होती, जसं नेहमी वळवायचो तसं, एक हात खांद्याला, एक कमरेला. तो वळत नव्हता, सगळा एकदम हलत होता. "अनू, पाय धर," ती म्हणाली, आणि मी पाय धरले. मोजे घातलेले होते. मोज्यांतून ती थंडी माझ्या हाताला लागली तेव्हा मला कळलं. आईला माझ्या आधी कळलं होतं, तरी आम्ही त्याला वळवलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच फिट आली असावी, या आजारात असं होतं, क्वचित. बाबांनी विचारलं, "कोई पास में होता तो?" डॉक्टर बाबांच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "शायद." तो शब्द आमच्या घरात राहायला आला. गॅस, गच्ची, न्हाणीघर, टेबलाचे कोपरे, सगळ्यांवर आम्ही पहारा ठेवला होता, आणि तो त्याच्या स्वतःच्या उशीवर गेला. वाईहून काका आले, तेरावं झालं, नफीसा आपा रोज येऊन आईजवळ बसून जात. सगळे पांगल्यावर एका संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "तू ते दार उघडं ठेवायला हवं होतंस."

आई म्हणाली, "हो."

त्यांना भांडण हवं होतं असं मला आज वाटतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "अनूला राहू दे आता घरी थोडे दिवस." आई माझ्या गणवेशाला इस्त्री करत होती. "नाही," ती म्हणाली, आणि इस्त्री थांबवली नाही. टेबल तिने मिश्रा आंटींना देऊन टाकलं. सोमवार, मंगळवार आमच्या घरातून निघून गेले. सगळे दिवस एकसारखे झाले. बाबा ऑफिसातून परस्पर बागेत जाऊन उशिरा घरी येऊ लागले.

मे महिन्यात, लूच्या झळा सुरू झाल्या होत्या तेव्हा, एक बाई पत्ता विचारत आली. सरोजिनी नगरहून, एवढ्या लांबून, दोन टेम्पो बदलून. तिला कोणीतरी सांगितलं होतं की इथल्या मॅडम मिर्गीच्या मुलांना घरी शिकवतात. तिचा मुलगा सात वर्षांचा होता, त्याला ती सासूजवळ ठेवून आली होती. बोलता बोलता तिचं लक्ष भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेलं आणि ती अर्धवट उठली. "बैठिए," आई म्हणाली. तिला पाणी दिलं, पन्हं दिलं. कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, नाकाला काही लावायचं नाही, गोळी एक वेळही चुकवायची नाही, सगळं नीट समजावून सांगितलं, पुन्हा तिच्याकडून म्हणवून घेतलं. बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"पढ़ा देंगी, दीदी? मैं रोज़ ले आऊँगी."

"नहीं," आई म्हणाली. "मुझसे नहीं होगा."

बाईने आग्रह केला नाही. दारात चपला घालताना मात्र ती थांबली. तिला ते विचारायचं नव्हतं आणि विचारल्याशिवाय जाताही येत नव्हतं. "रात को... आप लोग उसके साथ सोते थे?"

वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

"बेटी सोती थी," आई म्हणाली. "जब तक उसने सोने दिया."

बाई मान हलवून जिना उतरली. आईने दार लावलं. बाबांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं होतं आणि ते आईकडे बघत होते, त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा इतकं सरळ. ते काहीतरी म्हणणार होते, ओठ हललेही. आईने बाईचा पन्ह्याचा पेला उचलला, त्यांच्या समोरून आत गेली आणि नळ सोडून तो घासायला लागली.